डिस्क इमेज आणि लेखकाचा खर्डा

लेखकाच्या पश्चात त्याच्या घरी वह्या, पत्रे, कात्रणे सापडतात, तसा आता एक जुना संगणकही सापडतो. घरची मंडळी बहुधा त्यातली कामाची फोल्डरे पेनड्राइव्हवर उतरवून घेतात आणि यंत्र भंगारात देतात. गेली काही वर्षे मी अशा यंत्रांतला मजकूर बाहेर काढण्याचे काम करतो. फायली उतरवणे वेगळे आणि डिस्कची इमेज घेणे वेगळे. जुन्या मराठी मजकुराच्या बाबतीत तर तो पुढे वाचता येईल की नाही, हे पुष्कळदा या फरकावर ठरते.

फायली उतरवणे म्हणजे पोथीतला हवा तेवढा मजकूर लिहून घेणे. इमेज म्हणजे कोऱ्या पानांसकट सबंध पोथीचे छायाचित्र. नेहमीच्या साडेतीन इंची फ्लॉपीचे उदाहरण घेऊ. तिला दोन बाजू, दर बाजूस ८० मार्ग, दर मार्गावर १८ खंड, असे एकूण २८८० खंड. प्रत्येकात ५१२ बाइट. तिची इमेज १४,७४,५६० बाइटांचीच भरते, मग आत एक कविता असो की पन्नास. ‘रिकाम्या’ खंडांतही बरेच काही असते. फाइल पुसली की यादीतल्या तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराजागी एक खूण येते आणि जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. जुन्या हार्डडिस्कवरही थोड्याफार फरकाने असेच घडते.

इमेज घेताना मूळ डिस्कवर काहीही लिहिले जाऊ नये, हा पहिला नियम. जुना संगणक नुसता चालू केला तरी विंडोज अनेक फायलींत बदल करते. म्हणून डिस्क बाहेर काढून, लेखनबंदी असलेल्या अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी. डिस्क खराब असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्राम उपयोगी पडतो. सहज वाचता येणारा भाग तो आधी उतरवतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे नंतर वळतो. इमेज झाली की तिचा ‘हॅश’ काढून टिपून ठेवावा. पुढे इमेजमध्ये कुठे बदल झाला तर तो यावरून कळतो. त्यानंतरचे सारे काम इमेजच्या प्रतीवर करावे. ती ‘केवळ वाचनासाठी’ जोडली की संगणकाला डिस्कसारखीच दिसते आणि हव्या त्या फायली बाहेर काढता येतात.

मराठीची खरी अडचण इथून पुढे सुरू होते. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरांत टंकन करीत होतो. त्यांच्या फाँटांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले असत, आणि ही मांडणी सर्वत्र सारखी नव्हती. फाँट नसेल तर कथेच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. हा फाँट लेखकाच्या फोल्डरात नसतो. तो विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरात असतो. पेनड्राइव्हवर उतरवताना नेमका तोच मागे राहतो. इमेजमध्ये तो आपोआप येतो. फाँट हाती आला की त्यावरून युनिकोडचा तक्ता करता येतो. तिथेही पेच आहेतच. ‘कि’ची वेलांटी या फाइलीत ‘क’च्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. ‘अर्थ’मधल्या रफाराचे याच्या उलट. अक्षरामागून अक्षर बदलून भागत नाही; क्रमही फिरवावा लागतो आणि शेवटी मराठी जाणणाऱ्याने मजकूर वाचावा लागतो.

मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांचे संग्रहित साहित्य अमेरिकेतील एमरी विद्यापीठात आहे आणि त्यात त्यांचे मॅकिन्टॉश संगणकही आहेत. २०१० साली ते खुले झाले, तेव्हा अभ्यासकांना त्यांच्या एका संगणकाचे हुबेहूब चालते रूप पाहायला मिळाले. फायली आणि त्या ज्या वातावरणात लिहिल्या गेल्या ते वातावरण, दोन्ही जपण्याची ही दृष्टी आपल्याकडेही यायला हवी.

एक प्रश्न तंत्राच्या पलीकडचा आहे. लेखकाने पुसलेले पत्रही इमेजमध्ये सापडू शकते. माझे मत असे की, इमेज सबंध घ्यावी, पण पुसलेला भाग वारसांच्या संमतीशिवाय उघडू नये. काय वाचायचे हे पुढेही ठरवता येईल. डिस्क भंगारात गेल्यावर ठरवण्यासारखे काही उरत नाही.