भीतीचा जमाखर्च

पदवी परीक्षेचे निकाल जवळ आले म्हणजे घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "आता पुढे काय?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा विचारणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेले असते. सरकारी खात्यात कारकुनी, बँकेत एखादी जागा, नाहीतर परदेशातील नोकरी. अशा वेळी एखाद्या मुलाने किंवा मुलीने "मी धंदा करणार" असे सांगितले, तर घरात क्षणभर शांतता पसरते. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपण निबंधात लिहितो. व्यवहारात मात्र तिचा क्रम उलटा लावतो. याला कोणी आळस म्हणेल, तर तो अन्याय होईल. आपला तरुण कष्टाला भीत नाही. तो भितो अपयशाला, आणि "हे मला जमेल काय?" या स्वतःविषयीच्या शंकेला. ही भीती कितपत खरी आहे आणि तिच्याशी कसे वागावे, याचा विचार पेडणे व डिचोली या आपल्या परिचयाच्या तालुक्यांच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

नोकरी म्हणजे सुरक्षितता आणि धंदा म्हणजे धोका, अशी आपली ठाम समजूत असते. ती प्रथम तपासून पाहू. डिचोली तालुक्यात एकेकाळी लोहखनिजाची मोठी तेजी होती. २०१०-११ या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. खनिजाच्या वाहतुकीसाठी खाणपट्ट्यातील कित्येक कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. कोणी खाणीवर नोकरीला होते, कोणी गॅरेज चालवीत होते, कोणी चालकांसाठी खानावळ. हे कायमचे काम आहे असेच सर्वांना वाटत होते. सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल बाहेर आला, राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचाही बंदीचा आदेश आला. मध्यंतरी काम सुरू झाले, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द ठरली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थंडावल्या. अंगणात उभे राहिलेले ट्रक आणि चालू राहिलेले हप्ते, हे चित्र त्या काळात अनेक गावांनी पाहिले. ट्रकमालकांच्या कर्जांसाठी सरकारला सवलतीची योजना आणावी लागली.

यातून खाण चांगली की वाईट, हा वाद आपल्याला येथे करावयाचा नाही. घ्यावयाचा तो बोध इतकाच, की ज्याला आपण सुरक्षित समजत होतो तेही धोक्याचेच होते. फक्त तो धोका मोजलेला नव्हता. सर्व उत्पन्न एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असणे हा मोठा धोका आहे, हे कोणी कागदावर मांडले नव्हते, कारण सगळा गाव तेच करीत होता. जे सगळे करतात त्याची भीती वाटत नाही. जे एकट्याने करावयाचे त्याची वाटते. याचे दुसरे उदाहरण २०२४ च्या अखेरीचे आहे. सरकारी नोकरीचे आमिष दाखवून लाखो रुपये उकळल्याची अनेक प्रकरणे त्या वेळी गोव्यात पोलिसांपुढे आली. मुलाच्या धंद्यासाठी पन्नास हजार रुपये काढताना ज्या घराचा हात थरथरतो, तेच घर पावतीवाचून कित्येक लाख रुपये दलालाच्या हाती देऊ शकते! तेव्हा आपण धोका पत्करीत नाही असे नाही. आपण तो पत्करतो, पण डोळे मिटून.

मग डोळे उघडे ठेवून धोका कसा पत्करावा? या संबंधात डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक साधा प्रयोग सांगण्यासारखा आहे. खुंटीवर कडे फेकण्याचा खेळ मांडावयाचा आणि किती अंतरावरून फेकावे हे ज्याचे त्याला ठरवू द्यावयाचे. काही जण खुंटीच्या अगदी जवळ उभे राहतात. कडे हमखास पडते, पण त्यात काही कमावल्याचा आनंद नसतो. काही जण फार लांब उभे राहतात. पडले तर नशीब, नाही पडले तरी दोष अंतराचा. ज्यांच्या मनात काही साध्य करण्याची खरी ओढ असते, ते मात्र मधले अंतर निवडतात: जेथून फेकणे अवघड आहे, पण सरावाने जमेल. हे लोक जुगारी नव्हेत. ते आपली शक्ती पाहून धोका निवडतात आणि प्रत्येक फेकीनंतर हात सुधारतात. मॅक्लेलंड यांनी १९६४ पासून आंध्रातील काकिनाडा येथे छोट्या व्यावसायिकांना या वृत्तीचे शिक्षण देऊन पाहिले. शिक्षण घेतलेल्यांनी पुढील काळात इतरांपेक्षा अधिक हालचाल केली, नवे उद्योग काढले, असे त्यांना आढळले. म्हणजे उद्योजकता ही काही विशिष्ट घराण्याची किंवा जातीची मिरास नाही. ती शिकता येते.

हे शिक्षण आपल्या बाजारात कसे घ्यावे? भीतीची फोड करणे ही त्याची पहिली पायरी होय. "मला धंद्याची भीती वाटते" हे वाक्य मोघम आहे, आणि मोघम गोष्टीला उत्तर नसते. नीट पाहिले तर त्यात निदान तीन भीती एकत्र बांधलेल्या आढळतात. पैसे बुडतील ही पहिली, मला जमणार नाही ही दुसरी आणि लोक हसतील ही तिसरी. यांतील प्रत्येकीचे औषध वेगळे आहे.

पैशाची भीती आकड्याने कमी होते. समजा, हरमलच्या एका पदवीधर मुलीला मिरचीचा मसाला करून विकावयाचा आहे. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे नाव आधीच झाले आहे. तरीही तिने एकदम दुकान भाड्याने घेण्याचे कारण नाही. मिरची, इतर मसाले, दळण, पाकिटे आणि प्रवास मिळून ३,००० रुपये खर्च येतो व त्यात ४० पाकिटे तयार होतात, असे धरू. पाकीट १०० रुपयांस विकले, तर ३० पाकिटे खपल्यावर मुद्दल परत येते. उरलेली १० ही तिच्या कष्टाची मजुरी. ही पाकिटे घेऊन तिने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसावे. एकही पाकीट खपले नाही, तर बुडतील ते ३,००० रुपये; घर नव्हे. हा आकडा वहीत लिहिला, की 'सर्वनाश होईल' ही भीती 'तीन हजार जातील' इतकी लहान होते. आता प्रश्न एवढाच उरतो, की तेवढे गमावण्याची आपली तयारी आहे काय. जेवढे गेले तरी रात्री झोप लागेल, तेवढ्यापासूनच आरंभ करावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण अंथरूण लहान आहे म्हणून पाय पोटाशी घेऊन जन्मभर बसावे, असे ही म्हण सांगत नाही.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. खाद्यपदार्थ विकावयाचे तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी करून घ्यावी. आणि हिशेब मांडताना स्वतःच्या वेळेची किंमत धरावी. घरचे काम म्हणून मजुरी न धरता जो नफा दिसतो, तो पुष्कळदा नफा नसून आईचे व बहिणीचे फुकट श्रम असतात.

दुसरी भीती पात्रतेची. "आधी आत्मविश्वास येऊ दे, मग सुरुवात करतो," असे अनेक जण म्हणतात. हा क्रमच उलटा आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलेल्या विवेचनानुसार, आपल्या क्षमतेवरील विश्वासाचा सर्वांत मजबूत आधार म्हणजे स्वतः पार पाडलेले काम. त्याखालोखाल आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहणे. नुसते उपदेश त्यामानाने दुबळे ठरतात. मये तळ्यात पोहायला शिकणारा मुलगा काठावर बसून धीट होत नाही. कमरेइतक्या पाण्यात उतरूनच होतो. म्हणून बाजारात बसण्यापूर्वी एखाद्या जाणत्या विक्रेत्याच्या शेजारी चार आठवडे बसावे. डिचोलीच्या कुंभाराला माती कोठून येते, भाजताना किती भांडी फुटतात व ती तूट किमतीत कशी धरली जाते, हे विचारून पाहावे. जे प्रश्न आपल्याला वाणिज्य शाखेच्या पुस्तकात कठीण वाटतात, त्यांची उत्तरे हा माणूस तोंडी देतो.

आणि येथेच तिसऱ्या भीतीचे, लोकलज्जेचे मूळ सापडते. मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरणारी स्त्री रोज पहाटे धोका पत्करते. भाव चढा असेल तर किती घ्यावे, दुपारपर्यंत उरले तर कोठे उतरवावे, उधारी कोणाला द्यावी, हे सारे ती मनातल्या मनात करते. तिला कोणी उद्योजक म्हणत नाही आणि तिला भीतीवर लेखही वाचावा लागत नाही. भीती वाटते ती आपल्याला, शिकलेल्यांना. कारण पदवी मिळाल्यावर पाटीजवळ बसणे हे खाली उतरणे आहे, अशी समजूत आपण शिक्षणाबरोबर नकळत घेतली आहे. ही लाज आकड्याने जात नाही. ती पहिल्या दोन-तीन बाजारांत अंगावर घ्यावी लागते. हसणारे लोक आठवडाभर हसतात, पुढच्या आठवड्यात त्यांना दुसरा विषय मिळतो.

साखळीहून चोर्ला घाटाने वर चढले, की थोड्याच वेळात बेळगाव लागते. त्या गावाने या तिन्ही भीतींशी झगडलेला एक मनुष्य पाहिला आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मराठी व कन्नड या दोन्ही भाषांच्या मुलखातले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्थेत ते शिक्षक होते. बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. पण त्यांनी एकदम कारखाना काढला नाही. भाऊ रामचंद्रराव यांच्यासह बेळगावात सायकली विकल्या, मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. शेतकऱ्यांनी तो नाकारला. लोखंडाने जमीन नासते अशी त्यांची समजूत होती. तो नांगर खपू लागण्यास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागाही नगरपालिकेच्या योजनेमुळे सोडावी लागली. औंधच्या संस्थानिकांनी माळरानावर जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. या चरित्रातील यश आपण नेहमी सांगतो. मला त्यातील क्रम महत्त्वाचा वाटतो. सायकल, कडबाकापणी, नांगर, कारखाना. प्रत्येक वेळी खुंटीपासूनचे अंतर थोडेसेच वाढविलेले आहे. नांगर खपत नव्हता त्या दोन वर्षांत त्यांना भीती वाटली नसेल, असे कोण म्हणेल? पण त्यांचे काम त्या भीतीसाठी थांबले नाही.

पहिले पाऊल यशस्वी झाल्यावर भांडवलाचा प्रश्न येतो, आणि आपल्या भागात तो अधिक बिकट आहे. कर्ज मागावयास गेले, की बँक जमिनीचे कागद मागते. मये गावातील कुटुंबे गोवामुक्तीनंतरही कित्येक दशके राहत्या जागेची कायदेशीर मालक नव्हती. त्यासाठी विधानसभेला २०१४ साली खास कायदा करावा लागला. एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याने तारण द्यावे तरी काय? ही भीती काल्पनिक नाही. तिला उत्तर मनोधैर्याने मिळत नाही, व्यवस्थेतूनच मिळते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. गोव्यात १९७५ पासून आर्थिक विकास महामंडळ आहे. या ठिकाणी रिकाम्या हाताने जाणारा आणि चार महिन्यांच्या विक्रीची वही घेऊन जाणारा यांच्यात फार फरक असतो. ती वही हेच तुमचे पहिले तारण समजा.

इतके सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे, की प्रत्येकाने धंदाच करावा असे नाही. घरात आजारपण आहे, डोक्यावर आधीचे कर्ज आहे, चार माणसे एकाच पगारावर आहेत, अशा वेळी मन "थांब" म्हणत असेल तर ते ऐकावे. ती भीती नव्हे, शहाणपण आहे. नोकरी करता करता रविवारी प्रयोग करणे हाही मार्गच आहे. भीती आकड्यांत बोलत असेल तर तिचा सल्ला घ्यावा. ती नुसतीच "नको, नको" म्हणत असेल तर तिच्यापुढे वही ठेवावी.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न केवळ तुमच्या पोटापाण्याचा नाही. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या पठारावर विमाने उतरू लागली आहेत. विमानतळ आला म्हणजे त्याच्याभोवती खानावळी, धुलाई, वाहनदुरुस्ती, भाजीपुरवठा, निवासाच्या सोयी अशी शंभर कामे आपोआप जन्माला येतात. ती कामे कोणी ना कोणी करणारच. पेडण्याचा तरुण ती करणार, की जमीन विकून आलेल्या पैशांवर बसून दुसऱ्याने ती केलेली पाहणार, हे येत्या काही वर्षांत ठरेल. खाणींच्या वेळी आपण एकाच दाराशी रांग लावली. या वेळी निदान काहींनी स्वतःचे लहानसे दार उघडावे. त्यासाठी भीती संपण्याची वाट पाहू नये. ती सुरुवातीला सोबत राहणारच. तिला बरोबर घेऊन, तीन हजार रुपये आणि एक कोरी वही घेऊन, येत्या शुक्रवारी बाजाराला जावे.