घरच्या घरी नॅरोगेज : अल्प खर्चातील छोटी रेल्वे

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना, सुमारे वीस वर्षांपूर्वी, परदेशातून परतणाऱ्या एका स्नेह्याकडून मी त्याच्यासाठी विजेवर चालणारा आगगाडीचा संच मागवला होता. त्या काळी तो मला चांगलाच महाग पडला. परिणामी त्याची जागा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठरली. दिवाळीत व वाढदिवसाला तो खाली येई, जमिनीवर रूळ मांडले जात, मी गाडी चालवी आणि मुलगा हात मागे बांधून पाहत असे. ‘हात लावू नकोस, बिघडेल’ हे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवले असेल, याची आज मोजदाद नको वाटते. मुलगा मोठा झाला, शिक्षणासाठी बाहेर पडला. खोके मात्र नव्यासारखे राहिले.

बालरोगतज्ज्ञ म्हणून पालकांना ‘मुलांना हाताने काही करू द्या’ असे सांगणाऱ्या माणसाच्या घरची ही गोष्ट आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ते खोके नसून त्यानंतर, फार उशिरा, मी वाघोडियातील माझ्या दवाखान्यात बांधलेली पुठ्ठ्याची रेल्वे हा आहे. एखाद्या वैद्यकमित्राला किंवा त्याच्या घरच्यांना अशी रेल्वे बांधावीशी वाटली, तर काय लागते, किती लागते आणि काय टाळावे, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

मराठी माणसाला हा छंद नवा नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास महालात जेवणाच्या भव्य मेजावर चांदीची आगगाडी धावते. तिच्या डब्यांतून पाहुण्यांपुढे मद्य व सिगार येत, आणि कोणी सुरई उचलली की गाडी थांबे. आपल्या वडोदऱ्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात राजपुत्रांसाठी छोटी रेल्वे होती. तिचे इंजिन फत्तेसिंह संग्रहालयाच्या दाराशी पाहावयास मिळते. आणि पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. फलाट, सिग्नल, पूल आणि एकाच वेळी धावणाऱ्या अनेक गाड्या असे एक सबंध नगरच तेथे आहे. ते पाहून बाहेर पडणारा प्रत्येक बाप दोन गोष्टी मनात म्हणतो : ‘आपल्याकडेही असे हवे’ आणि ‘आपल्याला हे परवडणार नाही’. पहिली योग्य आहे, दुसरी चुकीची. चूक एवढीच होते, की आपण सबंध नगर बांधायला निघतो.

प्रमाणाचे गणित

या छंदात सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७ हे आहे. खऱ्या वस्तूची ८७ सेंटिमीटर लांबी येथे एक सेंटिमीटर होते. साडेपाच फुटांचा माणूस १९ मिलिमीटरचा, दोन मीटरचा दरवाजा २३ मिलिमीटरचा. हे प्रमाण घेऊन आजची लांब पल्ल्याची गाडी करावयाची म्हटले, तर एक डबा सुमारे २७ सेंटिमीटरचा होतो आणि चोवीस डब्यांची गाडी साडेसहा मीटरची. म्हणजे आपल्या दिवाणखान्यात गाडीच मावत नाही, मग स्टेशन कोठून मावणार?

दुसरी अडचण रुळांची. या प्रमाणाचे बाजारी रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. ते युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाशी जुळतात. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची आहे. तिला १:८७ प्रमाणात १९ मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर हवे. त्यामुळे बाजारी रुळांवर आपली ब्रॉडगेज गाडी नेहमीच किंचित अरुंद पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते.

आता आपल्या घरची गाडी आठवा. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १८६२ साली डभोई ते मियागाम हा भारतातील पहिला नॅरोगेज मार्ग सुरू झाला, तोही बैलांनी ओढलेल्या डब्यांनी. इंजिने नियमितपणे धावू लागली ती १८७३ पासून. पुढे डभोई हे नॅरोगेजचे फार मोठे जंक्शन झाले. या मार्गाची रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. तिला ८७ ने भागले की उत्तर येते ८.७६ मिलिमीटर. आणि बाजारात ‘एन गेज’ या नावाने मिळणारे, लहान, प्रचलित रूळ आहेत ९ मिलिमीटरचे! पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. म्हणजे यंत्र व रूळ लहान, स्वस्त प्रकारचे घ्यावयाचे आणि वरचा सांगाडा १:८७ प्रमाणात स्वतः पुठ्ठ्याचा करावयाचा. जी गाडी आपल्याला सर्वांत जवळची, तीच सर्वांत कमी जागेत, कमी खर्चात आणि अचूक मापात बसते, हे कळले तेव्हा मला झालेला आनंद अवघड निदान जुळल्यावर होतो तसा होता.

शिवाय या गाड्या होत्याच लहान. दहा मीटरचा डबा साडेअकरा सेंटिमीटरचा होतो. इंजिन व दोन डबे मिळून गाडी जेमतेम फूटभर. प्रतापनगरहून डभोई, तेथून चांदोद, आणि पुढे गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीला आजीबरोबर केलेले प्रवास ज्यांना आठवत असतील, त्यांना ही गाडी मुद्दाम लहान करून दाखवावी लागणार नाही. डभोई-चांदोद मार्ग ब्रॉडगेज होऊन जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. गाड्या वेगवान झाल्या, हे चांगलेच झाले. पण आज दवाखान्यात येणाऱ्या मुलांनी ती जुनी गाडी कधीच पाहिलेली नाही.

पाटी, रूळ आणि वीज

प्रारंभ ६० × ९० सेंटिमीटरच्या प्लायवूडने करावा. खालून लाकडी पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे पावसाळ्यात पाटी वाकत नाही. त्यावर साडेबावीस सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणांचा एक लांबट फेरा सहज बसतो. रुळांची एकूण लांबी सुमारे २१० सेंटिमीटर होते. खरी गाडी ताशी २० किलोमीटरने जात असेल, तर आपली गाडी सेकंदाला साडेसहा सेंटिमीटर जावी, म्हणजे एका फेरीला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ. नवखा माणूस गाडी नेहमी चौपट वेगाने पळवतो आणि मग मांडणी लहान वाटते. गाडी सावकाश चालवणे हा जागा वाढवण्याचा बिनखर्ची उपाय आहे.

पहिल्या मांडणीत सांधा एकच ठेवावा, मालधक्क्याच्या बगलमार्गासाठी. प्रत्येक सांधा खर्च वाढवतो, आणि गाडी घसरते ती बहुधा सांध्यावरच. मी हौसेने तीन बसवले होते, दोन उपटले.

विजेचा भाग वाटतो तितका कठीण नाही. एका रुळातून वीज जाते, इंजिनातील मोटारीतून फिरून दुसऱ्या रुळातून परत येते. दाब वाढवला की वेग वाढतो, तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी जाते. बारा व्होल्टचा, एक अँपिअरचा, शॉर्ट सर्किट झाल्यास आपोआप बंद होणारा चांगला ॲडॉप्टर, मोटारीचा वेग बदलणारे एक छोटे तयार सर्किट आणि दिशा बदलणारी एक कळ, एवढ्यावर काम भागते. रुळांना तारा एकाऐवजी दोन ठिकाणी जोडाव्यात, नाहीतर दूरच्या टोकाला गाडी दमते.

इंजिनासाठी काटोसारख्या जपानी कंपन्यांची चाके-मोटारीसह तयार छोटी यंत्रे स्वतंत्र मिळतात. येथे काटकसर करू नये. एकूण खर्चाचे म्हणाल, तर मला साऱ्याला मिळून नऊ हजारांच्या आसपास लागले. त्यातील दोनतृतीयांश यंत्र आणि रूळ यांवर. उरलेले जग जवळजवळ फुकटात उभे राहिले.

दवाखान्यातील कच्चा माल

डॉक्टरचा दवाखाना हे या छंदाचे कोठार आहे. औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा डब्यांना व स्टेशनच्या भिंतींना उत्तम. पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतून पत्र्याचे छप्पर निघते. जीभ दाबण्याच्या लाकडी पट्ट्यांपासून मालधक्क्याच्या फळ्या, उदबत्तीच्या काड्यांपासून तारांचे खांब, धुऊन स्वच्छ केलेल्या जुन्या एक्सरे फिल्मच्या खिडक्या. डोंगरासाठी चुरगाळलेल्या वर्तमानपत्रावर मुदत उलटलेल्या प्लास्टरच्या पट्ट्या ओल्या करून पसराव्यात. अस्थिरोगतज्ज्ञ मित्र असल्यास तो हे काम आपल्यापेक्षा सफाईने करतो, आणि फी घेत नाही.

रुळांमधील खडी म्हणजे चाळलेली बारीक रेती. ती कोरडी पसरून निम्मे पाणी मिसळलेले फेविकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बिनसुईच्या सिरिंजने थेंबथेंब सोडावे. साबणामुळे मिश्रण रेतीत झिरपते. तो विसरल्यास रेतीचे गोळे होतात. झुडपांसाठी वाळलेल्या घोसाळ्याचा चोथा, गवतासाठी कापलेली सुतळी, हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा.

दोन फजित्याही सांगून टाकतो. मातीसाठी मी वापरलेली चहापूड अर्धवट वाळवून पसरली. श्रावणात सबंध माळरानावर पांढरी बुरशी आली. आणि स्टेशनची इमारत घरच्या खळीने चिकटवली होती. ती एका रात्रीत झुरळांनी कुरतडली. चहापूड कडक उन्हात पूर्ण वाळवावी, आणि खळीचा मोह टाळावा.

रूळ दर आठवड्याला पुसावे लागतात. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल व न सुटणारे सुती कापड वापरावे, अर्थात जवळपास ज्योत नसताना. हात धुण्याचे सॅनिटायझर चालत नाही. त्यातील ग्लिसरीन रुळांवर राहते.

बालरोगतज्ज्ञाच्या सूचना

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती सुटे भाग पडता कामा नयेत; सारे घट्ट चिकटवावे आणि कडेला उंच पट्टी लावावी. २३० व्होल्ट फक्त बंद ॲडॉप्टरमध्येच राहावेत. सोल्डरिंग व थर्माकोलची गरम तारेने कापणी मोठ्यांनी, खिडक्या उघड्या ठेवून करावी.

दिव्यांसाठी बटणासारखे सेल वापरूच नयेत. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. मुलाने तो गिळल्याची शंका आली तरी उलटी काढू नये, खाऊ-पिऊ घालू नये, तडक एक्सरेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. मूल एक वर्षावरील असेल, गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधण्यासाठी क्षणभरही थांबू नये. डब्यांच्या जोडणीला छोटी शक्तिमान चुंबकेही नकोत. दोन चुंबके पोटात गेली तर आतड्याच्या भिंती त्यांच्यामध्ये चिमटतात. वाकवलेल्या तारेचा आकडा पुरेसा आहे.

हात लावण्याची गाडी

मांडणी प्रथम घरीच होती. दवाखान्यात आणली ती आठवडाभरासाठी, आणि मनात जुनीच भीती घेऊन. पहिल्याच दिवशी लसीसाठी आलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘साहेब, हुं चलावुं?’ माझ्या तोंडून जुने वाक्य निघणारच होते. पण बिघडणार तरी काय होते? पुठ्ठ्याचा डबा बिघडला तर खोका पुष्कळ आहेत. मी बाजूला झालो. तिने गाडी सुसाट सोडली, वळणावर डबे उलटले, आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी डबे कसे उचलून रुळांवर ठेवावयाचे ते दाखवले. दुसऱ्या वेळी तिने वळणाआधी वेग कमी केला. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

तेव्हापासून गाडी तेथेच आहे. स्टेशनचे छप्पर तीनदा बदलले, झाडे मुलांनीच लावलेली आहेत आणि काही उलटीही आहेत. स्वस्त रेल्वे ही श्रीमंतांच्या रेल्वेची गरीब नक्कल आहे, असे मी पूर्वी समजत असे. आता वाटते, की स्वस्त असल्यामुळेच ती मुलांच्या हाती देता येते.

गेल्या दिवाळीत मुलगा घरी आला होता. मी ते जुने खोके काढले. रूळ मांडले, कळ दाबली. इंजिन नुसते गुणगुणले, जागचे हलेना. वर्षानुवर्षे न चालवलेल्या इंजिनातील वंगण घट्ट होऊन बसते, हे मला या छंदात पुढे कळलेले होतेच. ज्याला जपले, ते जपण्यानेच बसले. आम्ही दोघांनी मिळून इंजिन खोलले, जुने वंगण पुसले, नवे थेंब सोडले. स्क्रू त्याने काढले. मी बॅटरी धरून बसलो. रात्री अकराच्या सुमारास गाडी फिरली.

ज्यांच्या कपाटात असे एखादे खोके असेल, त्यांनी या सुट्टीत ते खाली काढावे. नसेल, तर औषधांचे खोके आहेतच. एखादा रविवार सवडीचा असेल, तर वाघोडियाला अवश्य यावे. मुलांना घेऊन यावे. गाडी वेळेवर सुटेल याची हमी नाही, पण चालवावयास नक्की मिळेल.