फरशीला तडा गेला तर...

भरलेले गॅस सिलिंडर सरकवताना हात निसटतो, फळीवरचा वरवंटा खाली पडतो आणि चकचकीत फरशीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ उमटते. घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो असतो, टाकीसह ते वजन ३० किलोच्या आसपास जाते. तेव्हा तडा जाण्यात नवल नाही. मात्र त्यानंतर होणारे दुर्लक्ष महागात पडते. तड्यातून पाणी खाली मुरते, फरशीची कड हळूहळू उचलली जाते. त्या कडेने रांगत्या मुलाचा तळहात कापतो, आजी-आजोबांच्या पायाला ठेच लागते. उतारवयात अशा एका ठेचेने खुब्याचे हाड मोडून माणूस अंथरुणाला खिळू शकतो. म्हणूनच हातभर तड्याची दखल वेळीच घेणे शहाणपणाचे ठरते.

नारायणगावसारख्या बाजारपेठेच्या गावात घराची जमीन पिढ्यांबरोबर बदलत गेली. शेणाने सारवलेल्या भुईची जागा कर्नाटकातून येणाऱ्या शहाबादी फरशीने घेतली, पुढे मोझॅक आली, राजस्थानातील कोटा आली आणि आता गुजरातमधील मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. एकाच घराच्या ओटीवर शहाबादी, माजघरात मोझॅक आणि नव्या खोलीत व्हिट्रिफाइड असेही दृश्य दिसते. या प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असल्याने दुरुस्तीही वेगळी करावी लागते.

आधी निदान

मडके घेताना जसे ते वाजवून घेतात, तशीच फरशीही वाजवून पाहावी. लाकडी मुठीने किंवा नाण्याने हलकेच ठोकल्यावर आवाज खणखणीत आला, तर खालचा माल भक्कम आहे. बद्द, पोकळ आवाज आला, तर फरशीखाली पोकळी आहे असे समजावे. अशा फरशीचा नुसता तडा बुजवण्यात अर्थ नसतो, कारण पुढच्या ओझ्याखाली ती पुन्हा फुटणारच.

तडा एकाच फरशीपुरता असेल, तर तो बहुधा आघाताचा असतो. पण तीच रेघ चार-पाच फरश्या ओलांडून सरळ जात असेल किंवा भिंतीवरही चढत असेल, तर तक्रार खालच्या जमिनीची असू शकते. जोत्यातील मुरमाचा भराव पाणी मारून, धुमसाने नीट चोपलेला नसला की तो काही वर्षांनी खचतो. मीना नदीच्या खोऱ्यात काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया पुरेसा खोल नसेल तर घरही तिच्याबरोबर हलते. अशा वेळी तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. ऋतू पालटल्यावर तडा खुणेपुढे सरकला असेल किंवा रुंदावला असेल, तर फरशीला हात न लावता आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवावे.

केसासारखी भेग

फरशी घट्ट आहे, कड उचललेली नाही आणि भेग केसाएवढीच आहे, तर फरशी काढण्याची गरज नाही. जुन्या ब्रशने भेग साफ करून पूर्ण कोरडी होऊ द्यावी. भेगेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी. दोन भागांचे इपॉक्सी मिसळून त्यात फरशीच्या रंगाची पूड घालावी आणि पातळ पात्याने भेगेत दाबून भरावी. मिश्रण घट्ट होण्याआधी पट्टी काढून टाकावी. शहाबादी, कोटा किंवा मोझॅक स्वच्छ करण्यासाठी अॅसिड मात्र कधीही वापरू नये. पहिल्या दोन्ही फरश्या चुनखडीच्या असतात, मोझॅकमध्ये सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात. अॅसिड हे सारेच खाऊन टाकते.

फरशी बदलताना

प्रथम तुटलेल्या फरशीच्या चारही बाजूंचे सांधे कोरून मोकळे करावेत, म्हणजे हातोडीचा दणका शेजारच्या फरशीपर्यंत पोहोचत नाही. मग फरशीच्या मध्यभागी छिन्नीने फोडण्यास सुरुवात करून कडांकडे जावे. कडेकडून पहार घालून उचकटण्याच्या घाईत शेजारची चांगली फरशी फुटते. खालचा जुना माल खरवडून, धूळ झाडून नवी फरशी कोरडीच ठेवून पाहावी. ती वर येत असेल, तर आणखी खरवडावे.

मोझॅक, शहाबादी आणि कोट्यासाठी एक भाग सिमेंट व चार भाग वाळूचा माल चालतो. मोझॅकची फरशी आधी पाण्यात भिजवावी, नाहीतर ती मालातील ओल शोषून घेते. व्हिट्रिफाइडची गोष्ट उलट आहे. ती तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे साधे सिमेंट तिला नीट धरत नाही. तिच्यासाठी पिशवीत मिळणारा टाइलचा चिकट मसाला वापरावा. तो पाच ठिपक्यांत न लावता दातेरी थापीने सर्वत्र पसरावा, कारण ठिपक्यांमधल्या मोकळ्या जागाच पुढे पोकळ वाजतात. फरशी रबरी हातोडीने बसवून पाणसळ लावून पाहावी. चोवीस तासांनंतर सांधे भरावेत. सिमेंटच्या मालावर बसवलेल्या फरशीला आठवडाभर ओल द्यावी आणि तोवर जड सामान ठेवू नये.

न्हाणीघरातील फरशी मात्र घरच्या घरी फोडू नये. तिच्याखाली पाणीरोधक थर असतो, भिंतीत व जमिनीत नळ दडलेले असतात. तेथे जाणकार गवंडीच हवा.

धुळीची धास्ती

फरशी फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच. ग्राइंडरने कोरडी फरशी कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास सिलिकोसिस हा न बरा होणारा फुप्फुसाचा विकार जडतो. घरमालकाचे काम एका दिवसाचे असते, गवंड्याचे मात्र रोजचे. कापताना पाणी मारणे आणि त्याच्या तोंडावर चांगला मास्क आहे ना हे पाहणे, ही घरमालकाचीही जबाबदारी आहे. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, म्हणून हातमोजेही घालावेत.

शेवटची अडचण रंगाची असते. तीच छटा बाजारात पुन्हा मिळेलच असे नाही, कारण प्रत्येक घाण्याचा रंग थोडा निराळा उतरतो. नवे घर बांधताना चार-सहा फरश्या आणि छटेचा क्रमांक छापलेला खोक्याचा तुकडा माळ्यावर जपून ठेवावा. तो नसेल, तर कपाटाखालची एखादी फरशी न फोडता जपून सोडवता येते का पाहावे. ती निघाली तर पुढे बसवावी आणि कपाटाखाली निराळ्या रंगाची टाकावी.