तांबेऱ्याला रेंगाळत ठेवणारे जनुक

महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात गव्हावर तांबेरा हा बुरशीचा रोग मुद्दाम आणला जातो. तांबेऱ्याला हमखास बळी पडणाऱ्या वाणांच्या ओळी मधूनमधून पेरतात, त्यांच्यावर बुरशीचे बीजाणू सोडतात आणि शेजारची नवी वाणे किती तग धरतात ते पाहतात. पानाचा किती टक्के भाग फोडांनी व्यापला आणि फोड बारीक आहेत की चांगले भरलेले, या दोन्हींची नोंद होते.

उन्हाळ्यात मैदानी शेतांत गहू नसतो आणि उष्णतेने बीजाणूही मरतात. मग तांबेरा दरवर्षी येतो कुठून? आग्र्याच्या करमचंद मेहतांनी याचा माग काढला. तो थंड डोंगरांवर टिकतो, दक्षिणेत निलगिरी-पळणीवर, उत्तरेत हिमालयात, आणि वाऱ्याबरोबर खाली उतरतो. वारा अडवता येत नाही, म्हणून बियाण्यातच प्रतिकार हवा.

पूर्वी पैदासकारांची सारी भिस्त एकेका जबर जनुकावर असे. असे जनुक बुरशीला ओळखते; ती शिरताच पानाची पेशी स्वतः मरते आणि बुरशीची उपासमार होते. पण बुरशीने एखादे प्रथिन बदलले की तिची ओळखच पटत नाही. खोडावरच्या तांबेऱ्याविरुद्ध रायमधून आणलेले 'एसआर ३१' जगभरच्या गव्हांत होते. १९९८ साली युगांडात त्याला न जुमानणारा तांबेरा सापडला.

'एलआर ३४' हे जनुक मला अधिक मोलाचे वाटते. ते पानावरच्या तांबेऱ्याच्या बुरशीला मारत नाही. वाढ झालेल्या झाडात, विशेषतः ओंबीखालच्या शेवटच्या पानात, ते तिची वाढ मंदावते. फोड उशिरा येतात, थोडे येतात, लहान राहतात. पिवळा तांबेरा आणि भुरी यांनाही ते असेच रोखते. २००९ मध्ये झुरिक आणि कॅनबेराच्या शास्त्रज्ञांनी ते वेगळे केले. त्याचे प्रथिन पेशीच्या पडद्यातून पदार्थांची ने-आण करते, आणि प्रतिकारक व रोगग्राही रूपांत फरक अवघ्या दोन अमिनो आम्लांचा आहे. पन्नासहून अधिक वर्षे ते शेतात टिकले आहे. हे जनुक असलेल्या गव्हाच्या शेवटच्या पानाचे टोक अनेकदा वाळते; पैदासकार त्याचा खूण म्हणून उपयोग करतात.

रोगाचा जोर असेल तर हे एकटे पुरत नाही. म्हणून मेक्सिकोतील सिमिट संस्थेत रवी सिंग यांनी बुरशीची वाढ मंदावणारी अशी चार-पाच जनुके एकत्र आणली, तेव्हा पाने जवळजवळ स्वच्छ राहिली. त्यासाठी संकराच्या पहिल्या पिढ्यांत थोडे फोड असलेली झाडेही राखावी लागतात. कठोर निवड पुढच्या पिढ्यांत होते.