शेत लहान, यंत्र मोठे

आजरा तालुक्यातील शेती बहुतांशी डोंगरउताराची. भाताची खाचरे येथे पायऱ्यांसारखी उतरत जातात. 2016 साली भौगोलिक मानांकन लाभलेला आजरा घनसाळ तांदूळ याच मातीतला. महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी 1.34 हेक्टरच जमीन असल्याचे 2015-16 ची कृषिगणना सांगते. अशा लहान शेतात मोठे यंत्र उतरते, तेव्हा त्याचा विचार कुटुंबाच्या आरोग्याच्या दृष्टीनेही करायला हवा.

यंत्रांनी अनेकांच्या पाठीवरचे कष्ट हलके केले, हे निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो आकाराचा. 1958 च्या सुमारास धान्याने भरलेले कापणी-मळणी यंत्र सुमारे 4 टनांचे असे. 2020 पर्यंत जगातील मोठ्या यंत्रांचे वजन 36 टनांपर्यंत पोहोचले. आपल्याकडील यंत्रे तुलनेने हलकी असली, तरी ओल्या रानात जड चाक फिरले की नांगराच्या फाळाखालचा थर घट्ट होतो. मग पाणी नीट मुरत नाही, मुळे खोल जात नाहीत आणि पुढील नांगरटीनेही तो थर सहसा मोकळा होत नाही.

ज्येष्ठांच्या दृष्टीने धोका अधिक जवळचा आहे. उंच यंत्रावरील चालकाला चाकापाशी उभे असलेले माणूस दिसेलच असे नाही, आणि ऐकू कमी येणाऱ्या वृद्धांना मागे सरकणाऱ्या यंत्राची चाहूल लागत नाही. बांधाच्या कडेला ट्रॅक्टर उलटू शकतो. फिरत्या दांड्यात धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर क्षणार्धात ओढला जातो.

आणखी एक हानी सहजी ध्यानात येत नाही. यंत्राला वळण्यास जागा हवी म्हणून बांध मोडले जातात, कडेची झाडे तोडली जातात. त्यांच्यासोबत सावलीत बसून भांगलणीवर देखरेख करणाऱ्या आजी-आजोबांची जागाही जाते. शेतापर्यंतचे चालणे, चार माणसांशी बोलणे आणि आपण उपयोगी आहोत ही जाणीव हेही त्यांच्यासाठी औषधच असते.

म्हणून घरातील कर्त्या माणसांनी काही पथ्ये पाळावीत. लहान खाचरात पॉवर टिलरसारखे हलके यंत्र पुरते का, हे आधी पाहावे. वाफसा आल्याखेरीज जड यंत्र रानात घालू नये. ट्रॅक्टरला संरक्षक चौकट असावी व चालकाने पट्टा बांधावा. फिरत्या दांड्यावरील आच्छादन काढू नये. हाताच्या अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानांना अपायकारक समजून कानांचे संरक्षण करावे. यंत्र चालू असताना ज्येष्ठांना बांधापलीकडे, चालकाला दिसतील अशा ठिकाणी बसवावे. मात्र त्यांचे शेतात येणे थांबवू नये.

यंत्र निवडताना जमीन, उतार आणि घरातील माणसे या तिन्हींचा विचार व्हावा. त्या निर्णयात घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला आवर्जून घ्यावा; रानाचा ओलावा आणि उतार त्यांच्याइतका क्वचितच कोणी जाणतो.