सोळा टनांचा पूल आणि साडेचार किलोवॅटचा बाप्पा

भाद्रपद जवळ आला की महापालिकेची एक सूचना पेपरात हमखास येते. करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, महालक्ष्मी, फ्रेंच ब्रिज, केनेडी ब्रिज, दादरचा टिळक पूल वगैरे रेल्वेवरचे पूल जुने झालेत. मिरवणूक नेताना पुलावर एका वेळी 16 टनांपेक्षा जास्त वजन नको, पुलावर थांबू नका, नाचू नका. लोक हे वाचतात आणि पान उलटतात. मी मात्र कात्री घेऊन ते कापून ठेवतो, कारण आमचा सगळा धंदा त्या 16 आकड्याच्या आत बसवायचा असतो.

मी लालबागचा लाइटवाला. आयटीआय केलेला वायरमन. मंडपाची रोषणाई, आगमन-विसर्जनाच्या ट्रॉलीवरचे दिवे आणि त्यामागून चालणारा जनरेटर हे माझं काम. मूर्तीकडे जग बघतं. मी खाली चाकांकडे आणि मागे मीटरकडे बघतो.

आता त्या 16 टनांचं बघा. समजा मूर्ती, पाट, लोखंडी सांगाडा आणि ट्रॉली मिळून 8 टन. उरले 8. माणूस सरासरी 60 किलोचा धरला तर शंभर माणसं म्हणजे 6 टन. म्हणजे दोर ओढणारे, ढोलवाले, ‘बाप्पा फक्त एक फोटो’ म्हणणारे आणि जनरेटरचा टेम्पो असं सगळं एकदम पुलावर आलं की हिशेब केव्हाच संपला. म्हणून समजूतदार मंडळं पुलाच्या अलीकडे ढोल थांबवतात, ट्रॉली एकटी पार करतात आणि जनरेटर मागून आणतात. मधल्या वेळात मूर्तीवरचे दिवे कशावर लागायचे, ते पुढे सांगतो.

हे सगळं वाढलं ते मूर्ती वाढल्यामुळे. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा गणपती 1893 पासून बसतो, आणि तो आजही लहानच आहे. पालखीतून जातो. त्याला ना ट्रॉली, ना जनरेटर. आमच्या गणेश गल्लीत 1977 साली 22 फुटी मूर्ती उभी राहिली आणि परळ-लालबागच्या मूर्तिकारांच्या हाताला उंचीची सवय लागली. 22 फुटांची मूर्ती खांद्यावर जात नाही. तिला चाकं लागतात.

मोठ्या मूर्तीची ट्रॉली चार चाकांची किंवा त्याहून जास्त चाकांची असते. पुढचा आस फिरता, त्याला लांब लोखंडी दांडी. दांडी जिकडे वळेल तिकडे पुढची चाकं वळतात. सगळं वजन चाकांवरच असतं, दांडीवर काही नाही. म्हणून दांडीवर दोन पोरं पुरतात, फक्त ती वयाने मोठी आणि डोक्याने थंड हवीत. ओढणारे वेगळे, दोरावरचे.

ओढायला किती माणसं लागतात, याचा हिशेब शाळेतल्या गणिताएवढा सोपा आहे. चांगल्या डांबरी रस्त्यावर, टायरमध्ये हवा भरपूर असेल तर वजनाच्या साधारण दोन टक्के जोर लागतो. 8 टनाला 160 किलो. एक माणूस सलग 25 किलोचा जोर लावू शकतो असं धरलं तर सहा-सात जण पुरे. म्हणून सपाट रस्त्यावर ट्रॉली नुसती सरकत असते आणि दोराला हात लावणाऱ्यांतले निम्मे पुण्य कमवत असतात. पूल आला की चित्र बदलतं. पंचवीस फुटांना एक फूट असा चढ असेल तर वरचे 320 किलो वाढले. एकूण 480, म्हणजे वीस माणसं, आणि तीही मनापासून ओढणारी.

पण खरी भीती चढाची नाही, उताराची आहे. त्याच पुलावरून उतरताना ते 320 किलो ट्रॉलीला पुढे ढकलतात, रस्ता 160 अडवतो, उरलेले 160 किलो मोकाट. ट्रॉलीला पायाचा ब्रेक नसतो. म्हणून मागच्या बाजूला दुसरा दोर लागतो आणि तो धरणारी माणसं पुढच्यांइतकीच भरवशाची लागतात. शिवाय दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे घेऊन चालणारे दोघे. हाक आली की ठोकळा चाकाखाली. या दोघांचा फोटो कुठल्याच पेपरात आलेला मी पाहिला नाही, पण उतारावर माझं लक्ष त्यांच्यावरच असतं.

वळणांचं दुखणं वेगळं. लालबागच्या राजाचा मार्ग घ्या: भारतमाता, साने गुरुजी मार्ग, भायखळा, क्लेअर रोड, नागपाडा, डंकन रोड, दोन टाकी, सुतार गल्ली, माधवबाग, सी. पी. टँक, व्ही. पी. रोड, ऑपेरा हाऊस आणि मग गिरगाव चौपाटी. यात सुतार गल्लीसारख्या ठिकाणी पुढची चाकं वळली तरी मागची आतल्या अंगाने कापत येतात. पुढचा भाग सुटला म्हणून सोडून दिलं की मागचा कोपरा दुकानाच्या पायरीला लागलाच. वर केबल टीव्हीच्या वायरी आणि झाडाच्या फांद्या. आमच्याकडे बेस्टची वीज जमिनीखालून येते हे बरं, नाहीतर 20 फुटी मुकुट तारांखालून नेताना जीव गेला असता. उपनगरांतल्या उघड्या तारांखाली काम करणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

आता विजेकडे येतो. मूर्ती मंडपात आहे तोवर बेस्टचं तात्पुरतं कनेक्शन असतं, मीटर असतो, सगळं सरळ. ट्रॉली मंडपाबाहेर पडली की कनेक्शन तुटलं. त्यापुढे 20 तास किंवा जास्त तुम्ही स्वतःच तुमचं वीज मंडळ.

पूर्वी मूर्तीवर हॅलोजनचे कॅन लावायचो, एकेक हजार वॅटचा. तीस कॅन म्हणजे 30 किलोवॅट. त्याला 62.5 केव्हीएचा जनरेटर लागायचा. केव्हीए हा आकडा लोकांना फसवतो. त्याला 0.8 ने गुणलं की खरे किलोवॅट निघतात, म्हणजे 62.5 चे 50. एक लिटर डिझेलला सव्वातीन ते साडेतीन युनिट मिळतात असा आमचा ठोकताळा. 30 किलोवॅटला तासाला नऊ लिटर, वीस तासांना 180. एवढं डिझेल टेम्पोत घेऊन गर्दीत चालायचं, बाजूला फटाके. आठवलं तरी घाम फुटतो.

एलईडी आले आणि तोच उजेड दीडशे वॅटच्या ‘पार’ दिव्यामध्ये मिळायला लागला. तीस पार, साडेचार किलोवॅट. वर दोन-चार बीम लाइट धरा, सात किलोवॅटच्या आसपास. त्याला 15 केव्हीएचा सायलेंट जनरेटर मजेत पुरतो, तासाला अडीच लिटरच्या आत-बाहेर.

इथे दरवर्षी माझं मंडळांशी वाजतं. कार्यकर्त्यांना जनरेटर मोठाच हवा असतो. ‘बाजूच्या मंडळाचा 125 चा आहे, आपला 15 चा? शोभतं का?’ अरे बाबांनो, डिझेल इंजिनाला पोटभर काम लागतं. क्षमतेच्या तीस टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चालवलं की ते नीट तापत नाही, अर्धवट जळालेलं इंधन आत साचतं, सायलेन्सरमधून काळं तेल गळतं आणि मागून चालणाऱ्या बायकापोरांच्या नाकात धूर जातो. जनरेटर मिरवायची वस्तू नाही. साउंडच्या भिंती लावणाऱ्यांना मोठा लागतो हे खरं, पण त्या भिंतींबद्दल माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

लोड तीन फेजवर सारखा वाटायचा, ही दुसरी गोष्ट. सगळे दिवे एकाच फेजवर टाकले तर मीटर एकूण लोड कमी दाखवतो, पण तो फेज तापलेला असतो आणि बाकीचे दोन रिकामे. मी प्रत्येक फेजची वायर हाताने मोजतो, क्लॅम्प मीटर लावून. ट्रॉली निघायच्या आधी एकदा आणि भायखळ्याला एकदा, कारण मधल्या वेळात कुणीतरी चहाची किटली नाहीतर फोनचे दहा चार्जर लावलेले असतात.

आणि अर्थिंग. घरात अर्थची वायर जमिनीत गाडलेल्या पट्टीपर्यंत जाते. चालत्या ट्रॉलीला कुठली पट्टी? ती रबरी टायरवर उभी, आणि सगळा सांगाडा लोखंडी. दिव्याची एखादी वायर सोलवटून लोखंडाला टेकली तर अख्खी ट्रॉली जिवंत होते आणि खाली पाण्यात उभा असलेला पहिला माणूस तिला जमीन पुरवतो. म्हणून जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या बॉडीशी जोडायचा, तिथून जाड हिरवी वायर ट्रॉलीच्या सांगाड्याला नटबोल्टने कसायची, आणि दिव्यांच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवायचा. करंट चुकीच्या वाटेने इतका जरी गेला तरी तो सेकंदाच्या अगदी छोट्या भागात लाइन तोडतो.

भाद्रपदातला पाऊस आणि गुलाल यांची जोडी या ईएलसीबीची खरी परीक्षा घेते. ओला गुलाल प्लगच्या फटीत जाऊन बसतो आणि ईएलसीबी सारखा पडायला लागतो. मग हमखास कुणीतरी शहाणा म्हणतो, ‘दादा, तो बायपास करा ना, बाप्पा अंधारात आहे.’ बाप्पाला अंधाराचं काही नाही. मी एकेक लाइन काढून बघतो, ओला जॉइंट सापडला की तो पुसून, टेप मारून, पिशवीत बांधून उलटा टांगतो, म्हणजे पाणी आत न उतरता खाली ठिबकेल. दहा मिनिटं जातात. जाऊ देत.

मधल्या अंधारासाठी, म्हणजे पुलावर जनरेटर मागे राहतो तेव्हा, ट्रॉलीच्या पोटात आम्ही आता लिथियम बॅटरी ठेवतो. याच बॅटरीवरून भाच्याशी माझं बोलणं झालं. तो डॅलसला असतो. तिकडे त्याने छोटा ट्रेलर घेतलाय, दीड टनाचा, आत दोन पलंग आणि ओटा, गाडीमागे लावून रानात जाऊन राहायचं. ‘मामा, तुम्ही तर हेच करता,’ म्हणाला.

हेच, पण एक फरक. त्याच्या ट्रेलरला एकच आस. त्यामुळे पुढचं काही वजन गाडीच्या हुकवर यावंच लागतं. तिकडे ते एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के ठेवतात, म्हणजे त्याच्या बाबतीत दीडशे ते सव्वादोनशे किलो. कमी ठेवून सगळं सामान मागे भरलं तर हायवेच्या वेगाला ट्रेलरची शेपटी डोलायला लागते आणि गाडीलाही घेऊन जाते. आमची ट्रॉली माणसाच्या चालीने जाते, तिला हा रोग नाही. त्याला सांगितलं, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या आसाच्या आसपास ठेव आणि हुकवरचं वजन काट्यावर मोजून घे, अंदाजाने नको.

विजेचा हिशेब त्याच्याकडून फोनवरच करून घेतला. छोटा फ्रिज 50 वॅटचा, निम्मा वेळ चालतो, दिवसाला 600 वॅट-तास. पंखा 240, दिवे सव्वाशे, फोन-लॅपटॉप दोनशे. झालं जवळपास 1.2 युनिट. 12.8 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे 1.28 युनिट. एक दिवस कसाबसा. दोन घे म्हटलं. छतावर 200 वॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला पाऊण युनिट देईल, आणि गाडी चालू असताना 30 अँपिअरचा चार्जर लावला तर तीन तासांच्या प्रवासात सव्वा युनिटच्या आसपास परत भरेल. मग हळूच म्हणाला, ‘मामा, एसी?’ बाराशे वॅटचा एसी एक बॅटरी तासाभरात संपवतो. एसी हवा तर जनरेटर घे, नाहीतर खिडकी उघड.

आपल्याकडे हे खूळ यायला वेळ आहे, पण वाट मोकळी झालीय. 2021 साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाडीमागे ओढायच्या ट्रेलरचे प्रकारही धरलेत. मात्र ट्रेलर ही कायद्याने वेगळी गाडी. तिची नोंदणी वेगळी करावी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर तिच्यावर दिसावा लागतो. लालबागच्या गल्लीत ती उभी कुठे करणार, हा प्रश्न धोरणात नाही.

चौपाटीवर मात्र सगळे हिशेब नव्याने मांडावे लागतात. रेतीत चाक रुततं आणि दोन टक्क्यांचा जोर वीस-पंचवीस टक्क्यांवर जातो. 8 टनांच्या ट्रॉलीला दोन टन, म्हणजे ऐंशी माणसं, आणि त्यांचे स्वतःचे पायही रेतीत. म्हणून महापालिका लोखंडी प्लेटा टाकते. प्लेटवर चाक असेपर्यंत रस्त्यासारखं काम चालतं. प्लेटा संपल्या की समुद्राची मर्जी. 2025 साली लालबागच्या राजासाठी नवा तराफा आला होता, पण भरती चढल्यावर मूर्ती ट्रॉलीवरून तराफ्यावर घेता येईना, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, 7 सप्टेंबरला रात्री विसर्जन झालं.

आमचा जनरेटर प्लेटांच्या अलीकडेच थांबतो. शेवटची आरती व्हायच्या आधी मी मेन बंद करतो, केबल गुंडाळतो आणि दिवे 12 व्होल्टच्या बॅटरीवर टाकतो, कारण 12 व्होल्टने खाऱ्या पाण्यात कुणाला झटका बसत नाही. पार दिवे उतरवून, खोबरेल तेलाच्या फडक्याने मिठाचा हात पुसून टेम्पोत भरले की पहाटे परळला परत. मग पितृपक्षाचा पंधरवडा मिळतो. तेवढ्यात तेल बदलायचं, फिल्टर बदलायचे, सोललेल्या केबली फेकायच्या. घटस्थापनेची बुकिंगं आधीच आलेली असतात, आणि त्यातल्या एका मंडळाला यंदा 125 केव्हीए हवाय.