थाई ग्रीन करी : आपल्या स्वयंपाकघरात

थायलंडमध्ये या रश्श्याला ‘गेंग ख्याव वान’ म्हणतात. त्याचा हिरवा रंग ताज्या मिरच्यांचा. बाजारातील तयार वाटणात मात्र लसणाबरोबर अनेकदा आंबवलेली कोळंबीही असते. वेष्टनावरील बारीक अक्षरांत ती सहज नजरेआड होते.

म्हणून वाटण घरीच करावे : हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, धने, जिरे, मिरी, लिंबाची कोवळी पाने आणि थाई आल्याऐवजी चिमूटभर सुंठ. नारळाचे घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवून त्यात ते परतावे. मग पातळ दूध, गवती चहाची गाठ मारलेली पात, दुधी व मटार घालून शिजवावे. पात काढून मीठ, गूळ व तुळशीची पाने घालावीत.

मुलांना हवी असलेली परदेशी चव सूर्यास्तापूर्वी घरच्याच ताटात मिळाली, म्हणजे बाहेर साशंक मनाने जेवण्याचा प्रसंग येत नाही.